किल्ली ताईकडे

कुलूपवाला गेल्या वर्षी अर्ध्या शर्यतीत बाकावर बसला, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

शाळेची शर्यत होती. दोन किलोमीटर. एक मूल आणि घरातलं एक मोठं माणूस, दोघांनी हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडायची. कुलूपवाल्याची लेक अकरा वर्षांची, अंगाने इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणतात. ती पळायला लागली की तिची वेणी मागे राहते. आणि बाप? त्याला वाटेत एक बाक दिसला. "नाडी बांधतो गं," म्हणत बसला, तो बसलाच. एका बुटाची नाडी झाली, दुसऱ्याची झाली, तरी गडी उठेना. बाबागाडी ढकलणारी एक आई पुढे गेली. काठी टेकत एक आजोबा पुढे गेले, आणि जाता जाता "बरं वाटत नाही का?" असं विचारूनही गेले. शेवटी काडी उलटी पळत आली आणि बापाला हाताला धरून घेऊन गेली.

यंदा शर्यतीला दीड महिना होता तेव्हा जेवताना काडी म्हणाली, "बाबा, यंदा मी मामाबरोबर धावते. तू वाईट वाटून घेऊ नकोस हं."

आता बघा, पोरगी रुसली असती, भांडली असती, तरी चाललं असतं. पण तिने समजूत घातली! ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सपाट पोटाचा, सदा हसतमुख. असल्या माणसाचा राग तरी कसा करायचा?

"थांब," कुलूपवाला म्हणाला. "मी उद्यापासून रोज धावणार."

"बरं. आदल्या दिवशी ठरवू," काडी म्हणाली.

बायकोने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. पंधरा वर्षांच्या संसारात तिने बरेच 'उद्यापासून' ऐकले होते.

सोमवारी मोजे सापडले नाहीत. मंगळवारी आभाळ आलं होतं. बुधवारी आभाळ स्वच्छ होतं, म्हणजे ऊन लागणार. गुरुवारी मात्र तो पहाटे उठला, बूट घातले आणि दोन मिनिटं टेकावं म्हणून पलंगावर टेकला. साडेआठला बायकोने उठवलं तेव्हा पांघरुणातून बूट बाहेर आलेले.

"वेळच मिळत नाही गं," तो म्हणाला.

"तुमच्या घड्याळात आकडे कमी आहेत का?" तिने विचारलं आणि चादर धुवायला काढली.

मग त्याने डोकं लढवलं. त्याची मोठी बहीण, म्हणजे काडीची आत्या, बरोबर दोन किलोमीटरवर राहते. संध्याकाळी कामावरून घरी जाताना ती त्याच्या दुकानावरूनच जाते. दुकानाची किल्ली रोज तिच्याकडे द्यायची. सकाळी धावत जाऊन आणली तर दुकान उघडेल, नाही तर नाही. दुसरी किल्ली कापायची नाही, अशी त्याने स्वतःला शपथ घातली.

"आणि साडेआठला मी निघते," ताईने बजावलं. "एक मिनिट थांबणार नाही. लहानपणापासून ओळखते तुला."

वा! काय युक्ती! फक्त एक गोष्ट या शहाण्याच्या लक्षात आली नाही. पहिल्या सकाळी तो दुकानासमोर उभा राहिला, समोर कुलूप, आणि खिशात नेहमीची वाकडी तार. हात आपोआप खिशात गेला. अर्ध्या मिनिटात शटर वर. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी ताईचा फोन आला, "अरे, ही किल्ली मी इथून तिथे फिरवते आहे, ती कशासाठी? व्यायाम माझा चाललाय की तुझा?"

कुलूपवाल्याला शरमल्यासारखं झालं. मग त्याने ठरवलं, स्वतःला उघडता येणार नाही असं कुलूप बनवायचं. दाबलं की बंद होणारं, सात लिव्हरचं, आत फसवायला खोट्या खाचा. दहा दिवस तो कानस घासत बसला. शर्यत तोंडावर आलेली आणि हा माणूस पळायचं सोडून पळण्याची तयारी करतोय! याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. पण कुलूप झालं मात्र झकास. हातात घेतल्यावर त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

ते शटरला लागलं आणि त्याची एकुलती किल्ली ताईकडे गेली. पहिल्या दिवशी त्याने शर्यतीचा विचारही न करता साडेसातला तार काढली. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत खटपट केली. कुलूप ढिम्म. मग घड्याळ बघितलं आणि सुटला! निम्मं पळत, निम्मं चालत, हाश्शहुश्श करत आठ पस्तीसला पोचला, तर ताईच्या दाराला कुलूप. ते त्याला सहज उघडता आलं असतं. त्यानेच बसवलं होतं. पण दुकानाची किल्ली ताईच्या पर्समध्ये, आणि पर्स बसमध्ये.

दिवसभर तो आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. अकराच्या सुमारास एक बाई धावत आल्या. "तुम्हीच कुलूपवाले ना? माझं दार लागलंय हो, मी बाहेर राहिले!"

"मीही," तो म्हणाला.

शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना स्वतःलाच पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो आठला दहा मिनिटं असताना दुकानाशी आला, तारेला दहाच मिनिटं दिली आणि उरलेला वेळ पायांना. आठ सत्तावीसला पोचला. ताईने हातावर किल्ली ठेवली. मग रोज तेच. आधी दहा मिनिटं कुलपाशी झटापट, कारण हार मानणं रक्तात नाही; मग शिव्या घालत धाव. औषधवाल्या बाई दारात उभ्या राहून "आज?" विचारायच्या, हा मान हलवायचा आणि पळायचा. आठवड्याने तो आठ वीसला पोचायला लागला. दोन आठवड्यांनी आठ बाराला. ताई म्हणाली, "अरे, मला दात तरी घासू दे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तो घरी डबा विसरला म्हणून काडी डबा घेऊन मागोमाग आली. तेव्हा तो कुलपाला कान लावून बसला होता. तिला त्याने बघितलंच नाही. तारेने एक खोटी खाच सोडली, दुसरी सोडली, आणि खट्! कुलूप त्याच्या हातात उघडं.

"आलं!" तो ओरडला. "उघडलं! माझं मीच उघडलं!" औषधवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं कुलूप त्याने जन्मात केलं नव्हतं आणि एवढं चांगलं उघडलंही नव्हतं.

मग त्याने घड्याळाकडे बघितलं. आठ वाजायला दोन मिनिटं होती. त्याने कुलूप पुन्हा कडीत अडकवलं, दाबून बंद केलं, तार खिशात टाकली आणि बुटाच्या नाड्या घट्ट केल्या. उभ्यानेच, वाकून.

"बाबा," मागून काडी म्हणाली, "उघडलं होतं ना?"

तो दचकला. "हो."

"मग लावलंस का परत?"

"अगं, किल्ली ताईकडे आहे ना," तो म्हणाला, जणू जगातली सगळ्यात सरळ गोष्ट सांगतोय, आणि पळायला लागला.

काडीने डबा औषधवाल्या बाईंकडे दिला आणि त्याला गाठलं. दोघं कोपऱ्यावरून वळली, मोठा रस्ता ओलांडला. वाटेत एक बाक आला. तिने बापाकडे बघितलं. बापाने बाकाकडे बघितलंच नाही.

"बाबा, मामाला उद्या यायला जमणार नाही. त्याला ताप आलाय," ती म्हणाली.

"अरे बापरे! कधी आला?"

"ताप आज संध्याकाळी येणार आहे. मी फोन करून सांगते मामाला," काडी म्हणाली आणि त्याचा हात धरला.