तीस सेकंदांची शांतता

"आता तीस सेकंद कुणी बोलायचं नाही," ग्रेसने हात वर करून सांगितलं आणि कानांवरचे हेडफोन नीट केले.

सोफ्यावर नंदिनी श्वास रोखून बसली. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइममधल्या तिच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून चित्रीकरण चाललं होतं. पुण्यात प्रोग्रॅमर असलेली नंदिनी नवऱ्याबरोबर इथे आली, आणि व्हिसावर कामाची परवानगी नाही म्हणून चार वर्षं घरात बसली. अशा बायकांवर ग्रेस लियू माहितीपट करत होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत वाढलेल्या ग्रेसचा हा सातवा माहितीपट. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना तिने तीस वर्षं बोलतं केलं होतं. त्यांच्या मोर्चांत चालून दोनदा तुरुंगही पाहिला होता. मुलाखत संपली की ती नुसत्या खोलीचा आवाज भरून घेई. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तो लागतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नंदिनीच्या सासूबाई, मालिनीबाई, मोठ्याने म्हणाल्या, "अगं, त्या जेवल्यात का विचार! एक वाजला."

"आई, शांत राहा ना! रेकॉर्डिंग चालू आहे."

"घ्या! तासभर तुला बोलायला लावलं, आणि आता म्हणे बोलायचं नाही!"

नंदिनी ओशाळून इंग्रजीत म्हणाली, "सॉरी हं. ते पुसून परत घ्या."

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही हो. तुम्ही जेवलात का, एवढंच."

ग्रेसचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला.

पहिला माहितीपट तिने आई कामाला होती त्या शिवणकारखान्यावर केला होता. अशाच तीस सेकंदांत आईने मशीनमागून विचारलं होतं, "जेवलीस का?" "आई, गप्प बस ना!" ग्रेस खेकसली होती. त्या काळी फीत जपून वापरावी लागे. तिने ती मागे गुंडाळली आणि आईच्या आवाजावर दुसरी शांतता भरली. ती अगदी स्वच्छ आली.

आई त्याच हिवाळ्यात गेली. मुलाखतीत आईने मजुरीचे दर सांगितले होते, मुकादमाची नावं सांगितली होती. ते सगळं माहितीपटात होतं. लेकीशी बोललेलं मात्र कुठेच नव्हतं. ग्रेस कधीकधी ती फीत लावून ऐके. कुणीतरी मुकाट बसून राहिल्याचा आवाज तेवढा येई.

"परत घ्यायचं ना?" नंदिनीने विचारलं.

ग्रेसने कॅमेऱ्यातली कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या कडेची बारीक कळ नखाने सरकवली. आता तिच्यावर दुसरं काही भरता येणार नव्हतं.

मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मालिनीबाई पोळी भाजत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि घास घेतल्यासारखा हात तोंडाकडे नेऊन खुणेने तेच पुन्हा विचारलं.

ग्रेस आईच्या बोलीत, हळूच म्हणाली, "नाही. अजून नाही जेवले."

मालिनीबाईंना शब्द कळले नाहीत. त्यांनी ताट घेतलं.