पांढऱ्या सिमेंटचं बूच

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. सध्या जिन्याखाली पालथी पडले आहे आणि स्वभावाने कडू झाले आहे. तेव्हा गोडगोड गोष्टीच्या आशेने बसला असाल, तर आत्ताच उठा.

कुंभाराने मला चाकावर घडवलं आणि ओली असतानाच माझ्या बुडाला बोटाने भोक पाडलं. जास्तीचं पाणी जायला ती एकच वाट. पुढे बरीच वर्षं मी कोरफड सांभाळली, मिरच्या दिल्या. येणारेजाणारे कौतुक करायचे.

मग आमच्या घरातल्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं आणि खिडकीजवळचा पलंग सुटेना. आजोबांनी मला त्या खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवलं.

"तुझ्यासाठी सूर्यफूल लावतो," ते म्हणाले.

"नको बाई! ते ताडमाड वाढणार. फूल वर जाणार आणि मी आपली देठं बघत पडणार."

"अगं, बुटकी जात मिळते. हातभर उंच. उशीवरून दिसेल."

"बघू, आधी फूल येतं की आधी मी जाते."

"गप गं! काहीतरीच बोलतेस."

आजोबांनी माती, वाळू, शेणखत कालवलं. टोकाची बाजू खाली करून बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल खोचल्या. कोंब वर आले ते डोक्यावर टरफलं घेऊनच. आजी खुदकन हसल्या, "टोप्या काढा की रे, घरात आलात!" पडल्यापासून पहिल्यांदाच हसल्या होत्या त्या.

आजोबा रोज पाणी घालत आणि माझ्या भोकातून गढूळ थेंब खाली पडत. नेमके खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या धुतलेल्या चादरींवर! काकूंनी आजींच्या मुलाला जिन्यात गाठून चांगलं झापलं. हा मुलगा आणि आजोबा यांच्यातून आधीपासूनच विस्तव जात नव्हता. एका घरात राहून दोघे बोलायचे ते आजींमार्फत. "तुझ्या लेकाला सांग, दिवा बंद कर." "बाबांना सांग, जेवण वाढलंय." असला कारभार!

एकदा आजोबा बाहेर गेले होते, आजींचा डोळा लागला होता. मुलाने मला उचललं. आजी पडल्यावर न्हाणीघराची फरशी बदलली होती, तिथलं पांढरं सिमेंट उरलं होतं. त्याने ते माझ्या भोकात ठासून भरलं, मला पुसलं आणि होते तिथे ठेवून दिलं.

झालं! वरची माती उन्हाने कोरडी, खाली नुसता चिखल. पानं पिवळी पडून माना टाकू लागली. आजोबांना वाटलं, तहानली बिचारी. त्यांनी आणखी तांब्याभर ओतलं. मुलगाही गुपचूप येऊन खत टाकून जायचा. जीव दोघांचाही होता हो त्या फुलावर! म्हणूनच तर माझं पित्त खवळतं.

एका रोपाने तरीही कळी धरली. आजी तिच्याकडे टक लावून पडायच्या आणि रोज म्हणायच्या, "उद्या उघडेल हं." कळी मिटलेलीच खाली वाकली. त्याच आठवड्यात आजी गेल्या. भेटायला येणाऱ्यांनी पुष्पगुच्छ आणले आणि त्यांचा ढीग कठड्यावर माझ्या शेजारीच रचला.

"ही कुंडीच दळभद्री!" म्हणत आजोबांनी मला उपडं केलं. काळी, कुजकी मुळं बाहेर पडली. मग त्यांना माझ्या बुडाचं पांढरं बूच दिसलं. त्यांनी ते नखाने खरवडून पाहिलं.

"हे कोणी केलं?"

मुलगा दारात उभा होता. "खाली थेंब पडत होते, बाबा."

"मग सांगायचं नाहीस? खाली एक थाळी ठेवली असती!"

"आईला म्हटलं होतं, बाबांना सांग म्हणून. ती म्हणाली, एवढं तरी तूच सांग."

आजोबा खालीच बसले. मुलगा आत निघून गेला. आता निरोप पोचवणारंही कोणी नाही, त्यामुळे त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज येतो.

मित्रांनो, रोप सुकलेलं दिसलं, तर पाणी ओतण्याआधी कुंडी उचलून तिचं बूड बघा. आणि घरात कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर उठा आणि स्वतः जाऊन सांगा. एक थाळी लागणार होती हो. स्वयंपाकघरात चांगली थप्पी होती.