सतरा नंबरच्या टाकीतला पाहुणा

जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, धूळ खात पडलेली एक जुनी काचेची टाकी तुम्हाला दिसली, मित्रांनो, तर ती मी. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार नाही. जे आहे ते नीट सांगता येईल की नाही, याचीही मला खात्री नाही. पण एक गोष्ट माझ्याच पोटात घडली आणि दोन वर्षे ती माझ्याशिवाय कोणालाच पुरती ठाऊक नव्हती. तेवढी सांगते.

मला एका म्हाताऱ्या काच कापणाऱ्याने बनवले. पाच काचांच्या कडा त्याने एका चिकट लुकणाने जोडल्या. दोन दिवस माझ्या अंगाला आंबट वास येत होता. एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकून राहिला. "गळली तर बघू," असे म्हणून त्याने मला गाडीवर चढवले. बारा वर्षांत मी थेंबभरही गळले नाही. ही फुशारकी वाटेल, पण माझ्या आयुष्यात फुशारकी मारण्याजोगे तेवढेच आहे.

माझी रवानगी माशांच्या एका प्रयोगशाळेत झाली. लांबट, उबदार खोली, लोखंडी मांडणी आणि तिच्यावर आम्ही चाळीस बहिणी. मी सतरा नंबरची. आमची देखभाल पाण्याचे काका करत. पाणी बदलणे, काच घासणे, खाणे घालणे, सगळे त्यांच्याकडे. माशांवर संशोधन करणारी मुलगी आली तेव्हा तिला ते ताई म्हणू लागले. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती.

ताईचा प्रश्न साधा होता. आमच्यातल्या बोटाएवढ्या करड्या माशांत काही नर तीन महिन्यांतच वयात येत, लहानखुरेच राहत आणि लवकर मरत. काही मात्र वर्षभर वाढत राहत, मग वयात येत आणि पुष्कळ जगत. हे खाण्यापिण्यावर अवलंबून, की आईबापांकडून रक्तातून आलेले? हे शोधायला तिने लवकरवाल्यांचे घराणे वेगळे केले आणि उशीरवाल्यांचे वेगळे. कोणाचे आईबाप कोण, हे तिच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असे. प्रबंध द्यायला चार वर्षांची मुदत होती. एक दिवसही जास्त नाही.

"ताई, लग्नाचं काय मग?" काका काच घासता घासता विचारत. "तुम्ही उशीरवाल्या टाकीतल्या दिसता!"

"काका, आम्ही पीएचडीवाले. आमच्यात कोणी वयातच येत नाही."

दोघे हसत. मला ते दिवस आवडत.

दुसऱ्या वर्षी माझ्यात उशीरवाल्या घराण्यातल्या बारा माद्या होत्या. त्यांना नराचा वारासुद्धा लागू दिलेला नव्हता. शेजारी, अठरा नंबरमध्ये, नऊ लवकरवाले नर होते.

एका शनिवारी दुपारी ताई अठरा नंबरचे मासे मोजत असताना तिच्या आईचा फोन आला. बोलत बोलत ती बाहेर गेली आणि तशीच घरी गेली. झाकण बोटभर उघडे राहिले.

थोड्या वेळाने काका आले तेव्हा एक मासा फरशीवर तडफडत होता. काकांनी इकडेतिकडे पाहिले, पण तो कोणत्या टाकीतून पडला ते कळेना. ओल्या हाताने त्याला अलगद उचलले आणि समोरच्या टाकीत सोडले. समोर मी होते.

"जग बाबा," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी खाणे घालताना त्यांच्या लक्षात आले, की अठरामध्ये आठच मासे आहेत आणि माझ्यात एक लहानगा जास्त आहे. त्यांचा चेहरा पडला. विभागाच्या सरांनी बजावलेले होते, "एक मासा जरी इकडचा तिकडे झाला, तर उद्यापासून येऊ नका." काकांनी जाळीने पाहुणा पकडला आणि त्याच्या घरी सोडला. इकडे बारा, तिकडे नऊ. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

नंतर ताई आली. तिने उघडे झाकण पाहिले, जीभ चावली आणि घाईघाईने मासे मोजले. नऊच्या नऊ. तिनेही श्वास सोडला, झाकण लावले आणि वहीत काहीच लिहिले नाही.

काकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, मित्रांनो. या जातीची मादी नराचे बीज पोटात महिनोन्‌महिने सांभाळून ठेवते. मला ते कळत होते, पण काचेला तोंड नसते. त्यांना मात्र होते, दोघांनाही.

पुढे ताईने त्या माद्यांना उशीरवाले नर दिले. पिल्ले झाली. ती मोठी झाली आणि आश्चर्य घडले. उशीरवाल्यांच्या घराण्यात तीन महिन्यांत वयात येणारे नर निघू लागले! सर धावत आले. "अगं, हे नवीन आहे! गर्दी झाली की जनुकं रस्ता बदलतात, असं दिसतंय. सोनं हाती लागलंय तुझ्या!" माझा फोटो काढला. त्या दिवशी माझी काच दोनदा पुसली गेली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या माद्यांच्या मुली आणि नाती एव्हाना दहा टाक्यांत पसरल्या होत्या.

मुदत संपायला चार महिने होते. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. शेवटची खात्री म्हणून ताईने माशांच्या शेपटीचे नखाएवढे तुकडे घेऊन कोणाचा बाप कोण, हे तपासले. निकालाचा कागद हातात घेऊन ती माझ्यासमोर आली.

"काका, अठरातला नर कधी सतरामध्ये होता का हो?"

काकांच्या हातातला ब्रश थांबला. "दोन वर्षं झाली, ताई. खाली पडला होता. मरत होता हो."

"सांगितलं का नाही?"

"नोकरी गेली असती. आणि दोनच दिवस होता. मोजून बघितलं, सगळे जागच्या जागी होते."

"तेव्हा सांगितलं असतंत, तर बारा माद्या बाजूला काढल्या असत्या. एका दुपारचं काम होतं, काका. एका दुपारचं!" तिचा आवाज चढला आणि एकदम बसला. "पण तो बाहेर आला कसा? झाकण तर..."

तिला तो फोन आठवला असावा.

ताईने सरांना बोलावून काकांसमोरच तो कागद दाखवला. सरांनी दार लावून घेतले. "तो कागद फाडून टाक. ही तपासणी तुला कोणी मागितली नव्हती."

"सर, ते खोटं आहे."

"खोलीत आपण तिघं. मासे काय बोलणार आहेत? मुदत वाढत नाही, ठाऊक आहे ना? अर्ध्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

ताईने तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिने त्या घराण्याचे दोनशे बारा मासे औषधाच्या पाण्यात सोडले. स्वतःच्या हाताने, एकेक जाळी. काका बादली धरून उभे होते.

"हे आजारी आहेत का, ताई?"

"नाही."

"मग?"

"यांचा बाप कोण, ते मी लिहू शकत नाही."

मासे आधी कुशीवर झाले, मग निष्प्राण होऊन तळाला गेले. काका बादली खाली ठेवून भिंतीला टेकून बसले. एक मासा वाचवला होता त्यांनी.

उरलेल्या अर्ध्या कामाचा प्रबंध तिने लिहिला. सरांनी सही केली नाही. मुदत संपली. पदवी मिळाली नाही. पुढे तिचे काय झाले, मला ठाऊक नाही. खोलीबाहेरचे टाकीला कळत नाही. काकांना कोणी काढले नाही. ते स्वतःच यायचे थांबले. नवीन माणसाने मला रिकामी करून इथे आणून टाकले.

मित्रांनो, काच घासा, पाणी बदला, झाकणे लावा, हे तर मी सांगतेच. पण माझी विनवणी वेगळी आहे. हातून चूक झाली, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. ओरडा बसेल. बसू द्या. त्या दिवशी ती चूक एका माशाएवढी असते.

माझ्या पुढच्या काचेवर माशांच्या नोंदींची एक चिठ्ठी अजूनही चिकटलेली आहे. जाण्याच्या दिवशी ताईने त्या जुन्या शनिवारच्या तारखेसमोरच्या रिकाम्या ओळीत पेन्सिलीने लिहिले: "झाकण माझ्याकडून उघडे राहिले. एक नर, शनिवार ते सोमवार."

काकांचे नाव तिने लिहिले नाही. धुळीने आता ती अक्षरेही दिसेनाशी होत आहेत. जमल्यास तेवढी जागा पुसा.