लाल लाकडातल्या गोगलगायी

गिरण्यांचा संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही. पण पंच्याऐंशीच्या पावसाळ्यापर्यंत परळच्या चाळींतले बरेच गिरणी कामगार मिळेल त्या कामाला लागले होते. गिरणीत मालनच्या वडिलांच्या, अप्पांच्या, शेजारच्या मागावर उभे राहणारे भिवाकाका आता रे रोडच्या एका वखारीत ओंडके वाहत होते. मालन मात्र बीएस्सी होऊन, परदेशी मालातली कीड तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात नुकतीच लागली होती.

त्या वखारीतून निरोप आला. आफ्रिकेहून आलेल्या लाल लाकडाच्या ओंडक्यांत मोठाल्या गोगलगायी सापडल्या होत्या. मालन गेली. भिवाकाकांनी बाकीच्या हमालांना बोलावून घेतलं. "आमच्या शेजारची पोर आहे. हिला सगळं कळतं."

मुंबईत भिंतींवर चढणारी मोठी गोगलगाय मूळची आफ्रिकेतलीच, पण ती इथे कधीची रुजलेली. तिच्यासाठी माल अडवत नाहीत. तिकडच्या दुसऱ्या जाती इथे पोचू द्यायच्या नसतात. शंखाच्या तोंडात मधला दांडा दिसतो. इथल्या गोगलगायीचा तो पांढरा, आणि तिकडच्या एका जातीचा गुलाबी.

मालनने एक शंख उजेडात धरला. दांडा गुलाबी होता. सगळे तिच्याकडे बघत होते.

"ही आपल्याकडची नाही," ती म्हणाली. "माल हलवायचा नाही."

वखारीला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात, वखारीतून आणलेले नमुने साफ करायला तिने शंख पाण्यात टाकले. पाणी लाल झालं. लाकडाचा भुसा शंखांत शिरला होता. एकेक शंख पुसून तिने पाहिला. सगळ्यांचे दांडे पांढरेशुभ्र. परदेशातून काही आलंच नव्हतं. इथल्याच गोगलगायी पावसात ओंडक्यांखाली शिरल्या होत्या.

तिने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता बोलू नकोस. औषधाची धुरी देऊ, माल सुटेल. नवीन आहेस, पहिल्याच कामात नाव खराब करून घेशील."

मालनने शंख डब्यात भरून कपाटात ठेवले आणि अहवाल तसाच राहू दिला.

धुरीचं काम लांबत गेलं. भिवाकाका चाळीच्या गॅलरीत बसून असायचे. ती कामावर निघाली की पाय आखडून वाट द्यायचे आणि जो भेटेल त्याला सांगायचे, "आफ्रिकेची कीड हिनं पकडली. आमचं काम बंद पडलं, पण पोरीनं काम चोख केलं." मालन मान खाली घालून जिना उतरायची. त्यांनी एकदा तरी चिडून बोलावं, असं तिला वाटायचं.

शेवटी तिने साहेबांना न विचारता आपली चूक लिहून वर पाठवली. सील निघालं. पण वखारीच्या मालकाने दरम्यान हमालांची दुसरी टोळी धरली होती. जुन्यांना परत बोलावलं नाही.

संध्याकाळी ती गॅलरीत भिवाकाकांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. अप्पा दारातच बसले होते.

"म्हणजे इथल्याच होत्या?" भिवाकाकांनी विचारलं.

"हो."

"धुऊन बघायला किती वेळ लागला असता?"

"फार नाही, काका."

"मग का नाही बघितलंस?"

"सगळे बघत होते. तुम्ही म्हणालात, हिला सगळं कळतं."

"आणि कळल्यावर? तेव्हा तर कुणी बघत नव्हतं."

भिवाकाकांनी कठड्यावर हात ठेवून खालच्या नळाकडे बघितलं. मग म्हणाले, "जा, जेवून घे."

अप्पा दारातून उठले, तिच्या बाजूने गेले आणि भिवाकाकांच्या शेजारी जाऊन बसले. मालन आत गेली. राधाबाईंनी, तिच्या आईने, ताट वाढलं होतं. बाहेर दोघं हळू आवाजात बोलत होते. दादरच्या भाजीबाजारात पहाटे हमाल लागतात, अप्पांच्या ओळखीचा एक जण तिथे आहे, उद्या दोघांनी जाऊन यावं. मालनने हातातला घास परत ताटात ठेवला.