बाईंना विचारावं लागेल

मुख्य ग्रंथपाल सोडले तर त्या ग्रंथालयात नऊ बायका कामाला होत्या आणि एक पुरुष. त्याला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच त्याचं काम. म्हणून सगळ्या त्याला चिठ्ठीवाला म्हणत. वाचक मात्र तक्रार घेऊन आले की थेट त्याच्यासमोर उभे राहत. शेजारीच उपग्रंथपाल बाई बसलेल्या असत, तेवीस वर्षं तिथं काढलेल्या. "त्या बघतात," असं तो सांगे. लोक म्हणत, "साहेब किती साधे आहेत!"

मुख्य ग्रंथपाल निवृत्त झाले. आजवर त्या खुर्चीत पुरुषच बसत आले होते. समितीच्या अध्यक्षांनी चिठ्ठीवाल्याला बाजूला घेतलं. "अर्ज करा. पुरुष माणूस असला की वचक राहतो."

घरी त्याला पाहून मांजरही खुर्चीवरून उठत नसे. तो खाली मान घालून बाईंकडे गेला.

"करा की," बाई म्हणाल्या. "मी दोनदा केला. दोन्ही वेळा म्हणाले, तुमच्यावाचून खालचं काम अडेल. आता नाही करायची."

मुलाखतीच्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "पुस्तकांना वाळवी लागली तर?"

"बाईंना विचारावं लागेल."

"वाचक कमी होतायत, त्याचं काय?"

"बाईंनी योजना केलीय. मला नीट सांगता येणार नाही."

"नवी खरेदी?"

"तेही बाईच."

अध्यक्ष खूश झाले. "सहकाऱ्यांना विचारात घेणारा माणूस आहे."

समितीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मधे हे कशाला? बाईंनाच बोलवा."

"त्यांचा अर्ज कुठाय?" अध्यक्ष म्हणाले.

चिठ्ठीवाल्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी लिहून आणलाय. सही तेवढी राहिलीय."

बाई हाताला डिंक लागलेला तशाच आल्या. उभ्या उभ्या कागद वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली. पुढची चाळीस मिनिटं त्याच बोलत होत्या. पाणी मागायची पाळी अध्यक्षांवर आली.

बाईंना जागा मिळाली. त्यांनी पहिला हुकूम काढला तो चिठ्ठीवाल्याला आपलं जुनं काम शिकवायचा. तेवीस वर्षं बाई दुपारचा डबा टेबलाशी उभ्यानंच का खात होत्या, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं.