शेवटच्या पानावरचं तिसरं नाव

मी एक पोथी बोलतेय. हळू बोलतेय, कारण मोठ्यानं बोलायची मला आजही भीती वाटते.

माझी पानं कोकरांच्या कातड्याची. आमच्या कापादोकिया प्रांताच्या डोंगरात माणसं मऊ दगड कोरून घरं करतात, कबुतरांनाही कोरून देतात. तिथल्या एव्हाग्र नावाच्या पाथरवटानं मला लिहिलं. दिवसभर दगड फोडायचा आणि हात धुऊन येशूचं चरित्र उतरवायला बसायचा. दोन हिवाळे लागले. पानं शिवायच्या आधीच तो खोकल्यानं गेला. मग त्याच्या बायकोनं, द्रोसीनं, मला शिवलं. शिवताना ती रडली नाही, पण दोरा फार घट्ट ओढत होती.

तिला तीन मुलं. थोरला मेलितोन, मधली सोफ्रोनी, धाकटा अकाकी. दर रविवारी वीस-पंचवीस माणसं घरी जमायची आणि मेलितोन मला वाचायचा. त्याचा आवाज भरदार. एखादा शब्द चुकला की सोफ्रोनी तिथल्या तिथे सांगायची, "दादा, मागे जा. गाळलंस."

अकाकी दाराजवळ बसायचा. गडगडलं की घाबरायचा, कुत्रं भुंकलं की घाबरायचा. सोफ्रोनी त्याला चिडवायची, "अक्या, कोंबडीनं डोळे वटारले तरी तू माळ्यावर चढशील!" तो हसायचा. खरंच होतं ते.

मग सम्राटाचं फर्मान आलं. येशूच्या माणसांच्या पोथ्या जाळायच्या. आमच्या गावच्या चौकात पहिल्याच दिवशी सात पोथ्या जळाल्या. कातडं जळतं तेव्हा मांस जळाल्यासारखा वास येतो. तो वास आमच्या घरात शिरला. मी फडताळात होते. माझी पानं एकमेकांना चिकटली, ती दमटपणानं नव्हे.

द्रोसीनं मला मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं आणि भाकरीच्या भट्टीत ठेवलं. आमच्याकडे भट्टी जमिनीत पुरलेली असते, विहिरीसारखी. माझ्यावर तिनं द्राक्षवेलींच्या वाळक्या काड्या रचल्या. भट्टीत पोथी कोण शोधणार? पण मला विचारा. आगीच्या घरात आगीची वाट बघत पडले होते मी.

भर दुपारी शिपाई आले. बाहेर बर्फ होतं. त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, "पोथी आहे घरात?"

"आहे," मेलितोन म्हणाला.

"कुठे?"

"ते सांगणार नाही."

म्होरक्या वैतागला. "अरे बाबा, नुसतं नाही म्हण ना! मी ‘नाही’ असं लिहून घेतो, घरी जातो. माझी पण पोरंबाळं आहेत."

"खोटं कसं बोलू?" मेलितोन म्हणाला. म्होरक्यानं द्रोसीला विचारलं. तिनंही तेच सांगितलं. सोफ्रोनीनंही.

मग त्यांनी घर उलटंपालटं केलं. रांजण फुटले, जव सांडले. शेवटी म्होरक्या भट्टीच्या काठावरच बसला. "म्हातारे, आधी ही पेटव. बोटं गळून पडायला आलीत."

कुणीच काही बोललं नाही. एका शिपायानं चकमकीचा दगड घासल्याचा आवाज मला आला.

"पेटवू नका!" तो अकाकीचा आवाज होता. चिरका, थरथरता. "भट्टीला खाली भेग आहे. धूर सगळा आत कोंडतो. परवाच आमची शेळी गुदमरून मेली."

आमच्याकडे शेळी कधीच नव्हती. म्होरक्या शिव्या देत उठला आणि चौघांनाही घेऊन गेला.

तीन दिवस मी भट्टीत होते. वर कबुतरं घुमत होती, बाकी काही नाही. कुणीच आलं नाही तर इथे कुजणार, आणि कुणी आलं तर जळणार. तिसऱ्या दिवशी काड्या हलल्या. हात अकाकीचे होते. त्याच्या बोटांना धुपाचा वास होता. मूर्तीपुढे टाकतात त्या धुपाचा.

तो भट्टीच्या काठावर बसून मलाच सांगू लागला. सांगायला दुसरं होतं कोण? "मूर्तीपुढे चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा, म्हणजे येशूला सोडलं आणि आपण सुटलो, एवढंच होतं. आई नाही म्हणाली. दादा नाही म्हणाला. ताई नाही म्हणाली. माझी पाळी आली आणि हात आपोआप उठला. आईनं बघितलं."

तेव्हा मला काय वाटलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बरं झालं. मला बाहेर काढायला कुणीतरी जिवंत परत आलं.

पंधरा दिवसांनी वेशीबाहेर द्रोसीची आणि मेलितोनची मान उतरवली. सोफ्रोनीचा एक डोळा फोडला, एका पायाची शीर तोडली आणि तिला तांब्याच्या खाणीत धाडलं.

अकाकीला धूप टाकल्याचा दाखला मिळाला. तो त्यानं दाराला ठोकला. त्यामुळे त्या घराची झडती पुन्हा झाली नाही. आठ वर्षं मी तिथेच होते, कबुतरखान्यात, विष्ठेच्या ढिगामागे. दर महिन्याला तो मला उन्हात उघडायचा, कसर झटकायचा, पण वाचायचा नाही. बाहेर पाऊल वाजलं की आम्ही दोघंही दचकायचो.

आपली माणसं त्याच्या सावलीला उभी राहत नव्हती. शेजारीण त्याच्या अंगावर थुंकून म्हणाली, "आईच्या रक्तावर भाकरी खातोस रे!" त्यानं तोंड पुसलं आणि कबुतरखान्यात आला.

"पोथीसाठी धूप टाकला, असं सांगू का सगळ्यांना?" त्यानं मला विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नको. मी भ्यालो म्हणून टाकला. तू मला घरी परतताना आठवलीस."

मग सम्राट बदलला. खाणीतली माणसं सुटली. एक दिवस काठी टेकत एक बाई आली, दारावरच्या दाखल्यावरून बोटं फिरवत उभी राहिली. अकाकीनं तिला ओळखलं आणि तो मागच्या भिंतीला जाऊन चिकटला.

"पळू नकोस," सोफ्रोनी म्हणाली. "मला लंगडीला तुझ्यामागे धावता येणार नाही."

त्यानं मला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं माझा दोरा चाचपला. आईचा हात तिनं ओळखला. मग तिनं मला त्याच्यापुढे सरकवलं. "वाच."

"ताई, माझ्या तोंडानं? मी..."

"माझा एक डोळा गेलाय आणि दुसऱ्याला सारखं पाणी येतं. वाच म्हणते ना, घाबरट."

त्यानं वाचलं. दोनदा अडखळला. "मागे जा, गाळलंस," ती म्हणाली, आणि दोघंही रडायला लागली.

धूप टाकणाऱ्यांना गावातल्या नव्या प्रार्थनाघरात यायला मनाई होती. बारा वर्षं दाराबाहेर उभं राहायचं, मग आत. अकाकी सातव्या हिवाळ्यात तापानं गेला, दाराबाहेरच. त्याच आठवड्यात सोफ्रोनीनं माझ्या शेवटच्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत तीन नावं लिहिली. द्रोसी. मेलितोन. अकाकी. ती गेल्यावर लोकांनी खाली चौथं लिहिलं, सोफ्रोनी.

आता मी प्रार्थनाघरात असते. वर्षातून एकदा ही नावं मोठ्यानं वाचतात, लोक गुडघे टेकतात, संत म्हणतात. पण यंदा नवे धर्मगुरू आलेत. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, हा तिसरा कोण? म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं.

"संतांच्या ओळीत धूप टाकणारा?" ते म्हणाले. आज सकाळी त्यांनी कातडं खरवडायची सुरी माझ्याशेजारी आणून ठेवली आहे. प्रार्थना संपली की ते नाव खरवडायला बसणार आहेत.

मला फार भीती वाटते आहे. आगीची वाटायची त्याहून जास्त. बाबांनो, माझं पान पातळ झालंय, सुरीनं फाटेल, हे एक कारण सांगते. दुसरं तुम्हीच त्यांना सांगा, मला तोंड नाही. त्यांना सांगा, त्या दिवशी घरात तिघं संत होते, आणि चकमक घासल्यावर ओरडला तो अकाकी.