लाभ, दोन, तीन

खुशीच्या प्रियदर्शनी मॅडमनी पालकसभेत सांगितलं, की पहिलीच्या मुलांना घरच्या वस्तू मोजायला लावा, आकडे पक्के होतात. झालं! माझे वडील, म्हणजे खुशीचे आबाजी, सभेतून उठले ते थेट लिंबांच्या पोत्यापाशी. अकोटच्या बाजारात चाळीस वर्षं लिंबं विकणारा माणूस. मोजायच्या वस्तू त्यांच्याइतक्या अख्ख्या वर्गात कुणाच्या घरी होत्या?

माझी बायको माधवी ट्यूशन लावायच्या बेतात होती. बाबा भडकले. "ट्यूशन? काहून? मी काई मेलो नाई अजून!"

शेवटी ठरलं. शनिवारी शाळेत पालकांसमोर तोंडी परीक्षा होती. खुशीनं पन्नासपर्यंत न चुकता मोजलं तर संध्याकाळचा तास आबाजींचा, चुकली तर ट्यूशनचा. बाबांचा दिवस नातीसोबतच्या त्या तासासाठीच उजाडतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कबूल करतील तर ते बाबा कसले!

आठ दिवस ओट्यावर आजोबा, नात आणि मधे लिंबांचा ढीग. पोरगी पन्नास काय, साठाच्याही पुढं गेली. माधवीसुद्धा निम्मी विरघळली. स्वयंपाकघरातून ती कान द्यायची तो विसाच्या पुढं, कारण चुका तिथं व्हायच्या. सुरुवात कशाला कोण ऐकतो? मी ऐकत होतो, पण मी त्याच मोजणीवर वाढलेला. मला काय खटकणार, कप्पाळ!

शनिवारी मॅडमनी टेबलावर चिंचोके ओतले. "मोज बेटा."

खुशीनं पहिला चिंचोका उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!"

मॅडमचा पेन हवेतच राहिला.

"दोन, तीन, चार..."

"थांब, थांब. पहिल्यापासून म्हण."

"लाभ, दोन..."

"अगं, एक कुठं गेला?"

"एक नसते म्हनत," खुशीनं मॅडमनाच समजावलं. "एक म्हनलं का माल तिथंच अडकते. आबाजी म्हनते."

खरंच आहे. बाजारात धान्य मापा नाही तर लिंबं मोजा, पहिल्याला 'लाभ' म्हणायचं, म्हणजे बरकत राहते. बाबांच्या तोंडून पहिल्या नगाला दुसरा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही.

पोरांच्या बुटक्या बाकात गुडघे अडकवून बसलेले बाबा टोपी काढून ती चुरगाळत होते. खुशीनं पन्नासपर्यंत धडाधड मोजलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बाकी सगळं बरोबर आहे. तेवढं सुरुवातीचं बघा."

घरी येताच बाबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, लाव ट्यूशन. मी पोरीचं नुकसान करून राहिलो."

या माणसानं स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो. माधवीलाही ते बघवेना.

"ट्यूशन नाही लावत, मामाजी," ती म्हणाली. "पन तुमाले एक म्हनावं लागन."

बाबांनी लिंबू उचललं. ओठ हलवले. खाकरले. पाणी मागितलं, प्याले. दोन गाड्या गेल्या त्यांच्याकडं बघत बसले. चाळीस वर्षांची जीभ काही केल्या वळेना. खुशी मांडी घालून वाट बघत होती.

शेवटी त्यांनी डोळे गच्च मिटले. "एक," म्हणाले, आणि लिंबू पाटीत टाकलं.

खुशी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आईनं सरबतासाठी ठेवलेलं लिंबू आणून हळूच ढिगात सोडलं.

"भेऊ नका, आबाजी," ती म्हणाली. "नुकसान झालं असन तर हे घ्या. भरून निघते."

त्यानंतर "दोन" म्हणायला बाबांना बराच वेळ लागला.